गाडी उचलून आधार देणे (घरगुती दुरुस्ती)

गाडी उचलून आधार देणे : मोटारीच्या खालच्या अंगाचे काम घरी करण्यासाठी तिची एक बाजू, एक टोक किंवा चारही चाके जमिनीवरून वर घेणे आणि काम संपेपर्यंत ती तशीच निश्चल राहील अशी व्यवस्था करणे. यात दोन वेगळ्या क्रिया आहेत. उचलण्याचे काम जॅकचे आणि पेलण्याचे काम स्टँडचे. या दोहोंची गल्लत झाली की माणूस गाडीखाली सापडतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग न्यायचा नाही, हा या कामातला पहिला नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. वाहनाचे जॅक, स्टँड आणि रॅम्प यांसाठी ऑस्ट्रेलियात सक्तीची सुरक्षा मानके आहेत, इतका हा विषय तिथे गंभीर मानला जातो.

ठाणे आणि नवी मुंबईत गॅरेजांची वाण नाही. वागळे इस्टेट, तुर्भे, रबाळे या पट्ट्यात हवे ते काम होते. तरीही इंजिन ऑइल बदलणे, खड्ड्यात आपटून लोंबकळणारे प्लास्टिकचे इंजिन गार्ड बसवणे, सायलेन्सरचा तुटलेला रबरी हँगर बदलणे, पावसाळ्यानंतर चाकांच्या कमानीतला चिखल धुऊन पत्रा गंजला का ते पाहणे, अशी कामे हौशी मालक सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतात. हत्यारे आता सहज मिळतात. अडचण बहुधा हत्याराची नसते, पायाखालच्या जमिनीची असते, म्हणून या नोंदीत तिचा विचार आधी केला आहे.

जमीन

गाडी उचलण्यासाठी सपाट, कठीण आणि कोरडी जागा लागते. शहरातल्या पार्किंगमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच मिळतात. इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हँडब्रेक सोडला की समजतो. ती हळूच सरकू लागली तर जागा बदलावी. पारसिक टेकडीच्या अंगाला असलेल्या बेलापूरच्या वरच्या गल्ल्यांत किंवा येऊरच्या पायथ्याशी रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीखाली जाण्याचा विचारही करू नये.

दुसरी अडचण पेव्हर ब्लॉकची. सोसायट्यांची अंगणे आणि मोकळी पार्किंगे आता बहुतेक याच ठोकळ्यांनी मढवलेली आहेत. ट्रॉली जॅक (लहान चाकांवर सरकणारा, लांब दांड्याचा जॅक) गाडी वर घेताना त्याचा हात सरळ रेषेत चढत नाही, कमानीत फिरतो. जॅकचे डोके वर जाता जाता दांड्याच्या बाजूला मागे येते. ही तफावत भरून निघण्यासाठी जॅकला आपल्या लोखंडी चाकांवर गाडीखाली थोडे पुढे सरकावे लागते. गुळगुळीत काँक्रीटवर तो आपसूक सरकतो. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यात त्याची छोटी चाके अडकली की जॅक जागीच राहतो आणि गाडीच ओढली जाते, किंवा डोके टेकणाच्या जागेवरून निसटते. यावर उपाय म्हणजे खाली पाऊण इंची प्लायवूडची मोठी फळी घालणे. जॅक आणि त्याचा सरकण्याचा मार्ग दोन्ही त्या फळीवर मावले पाहिजेत. स्टँडच्या पायांखालीही प्लायचा रुंद तुकडा द्यावा, कारण त्याचे चार अरुंद पाय सगळा भार चार ठिपक्यांवर टाकतात आणि ठोकळा एका बाजूने खचू शकतो.

नवी मुंबईची वसाहत १९७० साली सिडकोच्या स्थापनेनंतर उभी राहिली आणि खाडीकाठचा तिचा बराचसा भाग भराव घालून तयार केलेला आहे. अशा जमिनीवरची फरसबंदी वर्षानुवर्षे थोडी थोडी बसत राहते. जुन्या सेक्टरांत रो हाउसच्या दारातली फरशी खालून पोकळ झालेली असू शकते. हातोडीने ठोकून पाहिले तर आवाजातून कळते. गटाराच्या चेंबरच्या झाकणावर जॅक किंवा स्टँड कधीही टेकवू नये. ते झाकण चाकाचा पसरट भार सहन करते, स्टँडच्या पायाचा टोकदार भार नाही. उन्हात तापलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात. यांत्रिक स्टॅक पार्किंगच्या पाळण्यावर तर हे काम करायचेच नसते. बेसमेंटचे ट्रिमिक्स (जादा पाणी शोषून घेऊन घट्ट केलेले) काँक्रीट सर्वांत चांगले, मात्र त्यावर ऑइल सांडलेले असेल तर आधी ते पुसून भुसा टाकावा.

साधने

गाडीसोबत मिळणारा कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याचा तळ अरुंद असतो आणि गाडी थोडी जरी पुढेमागे झाली तरी तो आडवा पडतो. आट्यांवर चालत असल्याने तो आपणहून खाली बसत नाही, पण कलंडण्यापासून त्याला कोणी रोखत नाही. बाटली जॅक उंचीने मोठा आणि डोक्याने लहान असतो. बोलेरो, स्कॉर्पिओ अशा चासीच्या (खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या) गाड्यांना तो चालतो, साध्या कारच्या पातळ पत्र्याला नाही. घरी कामाचा म्हणजे ट्रॉली जॅक.

बाटली आणि ट्रॉली हे दोन्ही जॅक हायड्रॉलिक आहेत. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, या पास्कलच्या नियमावर ते चालतात. लहान दट्ट्यावर हाताने दिलेला जोर मोठ्या दट्ट्यावर अनेक पटींनी वाढतो. याच तत्त्वावर जोसेफ ब्रामा याने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. या रचनेतच तिचा धोका आहे : सगळे वजन तेलाच्या एका स्तंभावर आणि रबराच्या एका सीलवर तोललेले असते. सील झिजले तर जॅक हळूहळू बसतो, फाटले तर एकदम. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या जॅकचे सील आतून कसे आहे हे कोणालाही सांगता येत नाही.

स्टँडमध्ये तेल नसते. लोखंडी पायांच्या चौकटीत वरखाली होणारा खांब आणि तो अडकवणारी खीळ किंवा दात, एवढीच त्याची रचना. दात्यांच्या स्टँडपेक्षा आरपार जाणारी खीळ असलेला स्टँड अधिक भरवशाचा, कारण खीळ पूर्ण बसली आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. दाता अर्धवट बसलेला असला तरी वरून तसाच दिसतो. २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या विक्रेत्याने लाखो स्टँड परत मागवले, ते नेमके याच दोषामुळे : दाते पुरेसे खोल न अडकता भाराखाली सुटू शकत होते.

लहान हॅचबॅकचे वजन साधारण ८०० ते १,००० किलो असते, मोठ्या एसयूव्हीचे दोन टनांच्या आसपास जाते. इंजिन पुढे असलेल्या गाडीत निम्म्याहून अधिक भार पुढच्या चाकांवर असतो. स्टँडवर लिहिलेली क्षमता एकाची की जोडीची, हे विकत घेतानाच विचारावे. लहान कारला २ टनी, एसयूव्हीला ३ टनी स्टँड घ्यावेत. स्टँड नेहमी जोडीने, एकाच बनावटीचे आणि एकाच उंचीवर लावतात.

विटा, पोकळ काँक्रीटचे ठोकळे आणि बांधकामावरून उचलून आणलेले सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक यांना आधार म्हणून पूर्ण मनाई आहे. दोन्ही शहरांत कुठे ना कुठे इमारत उभी राहत असल्याने हे ब्लॉक हाताशी असतात, चांगले जाडजूड दिसतात, म्हणूनच त्यांचा मोह होतो. भिंतीत त्यांच्यावर भार सगळीकडून सारखा येतो, गाडीखाली तो एका कडेवर येतो. ते वाकत नाहीत, आधी तडकून इशाराही देत नाहीत, एकदम भुगा होतात. लाकूड चालते, पण ते आडवे-उभे थर देऊन चौकटीसारखे रचलेले जाड, सलग, न फुटलेले ओंडके असावेत.

चाके अडवणे

जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून पाचरीसारखे ठोकळे लावावे लागतात. गाडी गिअरमध्ये आहे, मग ठोकळ्याची काय गरज, असे अनेकांना वाटते. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत, म्हणजे आजच्या बहुतेक लहान कारमध्ये, गिअर किंवा ऑटोमॅटिकमधली पार्क स्थिती फक्त पुढच्या चाकांना धरते. त्यातले एक चाक हवेत गेले की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी रचनेमुळे) ते उलटे फिरायला मोकळे होते आणि जमिनीवरचे दुसरे चाक पुढे सरकू शकते. गिअर टाकलेला असूनही गाडी चालू लागते. पुढचे टोक उचलताना गाडी धरून ठेवतो तो मागच्या चाकांवरचा हँडब्रेक आणि ठोकळे, गिअर नव्हे. मागचे टोक उचलले तर उलट : हँडब्रेक हवेतल्या चाकांवर राहतो आणि निरुपयोगी ठरतो, तेव्हा पुढच्या चाकांचे ठोकळे अधिकच महत्त्वाचे.

कोकणपट्टीच्या दमट हवेत हा मुद्दा आणखी बोचतो. पावसाळ्यात चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात, म्हणून इथले बरेच चालक हँडब्रेक लावतच नाहीत, नुसत्या गिअरवर गाडी ठेवतात. क्वचित वापरला जाणारा हँडब्रेक सैल पडला तरी मालकाला पत्ता नसतो.

उचलण्याच्या जागा

मोनोकॉक गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याचे कवचच सांगाडा असते. दाराखालच्या पट्टीत पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे दोन खाचांमधला मजबूत केलेला तुकडा असतो. जॅक तिथेच लावतात. इंजिनाखालचा आडवा दांडा म्हणजे क्रॉस मेंबर, हीदेखील पुष्कळ गाड्यांत चालणारी जागा आहे, पण मालकपुस्तिकेत ती दाखवलेली असेल तरच. ऑइलचे चेंबर, गिअरबॉक्स, मधला सपाट पत्रा यांवर जॅक लावू नये. दाराखालची उभी कड लोखंडी डोक्यावर दुमडते, म्हणून मधे खाच असलेला रबराचा गोल ठोकळा ठेवतात. वाशी, ऐरोली, नेरुळ अशा खाडीलगतच्या भागांतल्या जुन्या गाड्यांत ही पट्टी खाऱ्या हवेने आतून खाल्लेली असू शकते. पेचकसाच्या मुठीने ठोकल्यावर गंजाचे पापुद्रे गळत असतील तर तिथे भार देऊ नये.

सीएनजीच्या गाडीत टाकीपासून इंजिनाकडे जाणारी उच्च दाबाची नळी तळाखालून जाते. त्यात २०० बारपर्यंत दाब असतो. जॅक लावण्याआधी ती नळी कुठून जाते ते टॉर्चने पाहून घ्यावे. टाकीचे वजन मागे असते, हेही ध्यानात ठेवावे. विजेवरच्या गाडीत बॅटरी तळाशीच असते. तिला कंपनीने ठरवलेल्या चार जागांखेरीज कुठेही स्पर्श करायचा नाही.

क्रम

चाक काढायचे असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करतात. गाडी वर गेल्यावर पान्यावर दिलेला जोर तिला स्टँडवरून ढकलतो. ठोकळे लावून जॅक घालायचा, डोके नेमके टेकले का ते वाकून पाहायचे, मग दांडा मारायचा आणि दर थोड्या वेळाने थांबून गाडी तिरकी होत नाही ना ते पाहायचे. पाहिजे त्याहून जास्त उंची घेऊ नये. स्टँड घालून खीळ पूर्ण बसवावी आणि जॅक सावकाश सोडून भार स्टँडवर उतरवावा. त्यानंतर जॅक काढून न घेता जागेला हलके टेकवून तसाच राहू द्यावा. काढलेले चाक किंवा स्टेपनी दाराच्या पट्टीखाली आडवी सरकवावी. सगळे चुकलेच तर गाडी तिच्यावर पडेल आणि खाली माणूस मावेल एवढी जागा उरेल.

आत जाण्याआधी गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवतात. अनुभवी मेकॅनिक गुडघा लावून, अंगाचा भार टाकून हलवतो. तिला पडायचे असेल तर ती आता पडली पाहिजे, तिच्याखाली कोणी नसताना. या एका चाचणीला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि घाईत सर्वांत आधी वगळली जाते ती हीच. एक टोक स्टँडवर असताना घट्ट बसलेला नट झटके देऊन उघडणे टाळावे. किल्ली खिशात ठेवावी आणि गाडीत कोणी बसू नये. सोसायटीत मुले खेळत असतात, त्यांना दूर ठेवणे हा कामाचाच भाग आहे.

रॅम्पवर पुढची चाके चढवणे ऑइल बदलण्यापुरते सोपे असते, परंतु गुळगुळीत काँक्रीटवर रॅम्प पुढे घसरतात, म्हणून खाली रबरी मॅट घालतात.

काढलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून गॅरेजला द्यावे. पार्किंगच्या गटारात ओतलेले ऑइल शेवटी ठाणे खाडीत, फ्लेमिंगोंच्या चिखलात जाते.

अपघात झाल्यास

छातीवर गाडी बसली की फासळ्या मोडण्याआधीच श्वास थांबतो, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही. हातात मिनिटेच असतात आणि अडकलेल्याला हाक मारता येत नाही. म्हणून एकट्याने हे काम करू नये, निदान वॉचमनला सांगून ठेवावे आणि त्याने मधूनमधून आवाज द्यावा. अडकलेल्या माणसाला ओढू नये. जॅक पुन्हा लावून गाडी वर घ्यावी आणि लगेच तिच्याखाली आधार द्यावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१, दोन्हींसाठी ११२ हा क्रमांक चालतो. माणूस उठून बसला तरी त्याला रुग्णालयात न्यावे, आतली इजा उशिरा दिसते.

गाडी उतरवणे

खालची सर्व हत्यारे आणि ऑइलची परात बाहेर काढून मोजून घेतात. जॅकने भार उचलून स्टँड एकेक काढतात आणि जॅकचा व्हॉल्व्ह पाव आट्यापेक्षा कमी फिरवून गाडी खाली घेतात. चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळतात, शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावरच देतात. किती जोराने आवळायचे ते मालकपुस्तिकेत असते. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.