पिवळं रेशन कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नव्हे

"आमच्याकडं बीपीएलचं कार्ड आहे, तरी पगार का बसत नाही?" निराधारांचे अर्ज भरून द्यायला बसलं की दिवसातून एकदा तरी हा प्रश्न येतो. बीपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं, आणि पगार म्हणजे संजय गांधी नाहीतर श्रावणबाळ योजनेचं महिन्याचं अनुदान. मी विचारते, "दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का?" समोरची बाई पिशवीतून तेच पिवळं कार्ड पुन्हा बाहेर काढते आणि माझ्यापुढे उघडून धरते. तिच्या लेखी कार्ड हीच यादी.

यात तिची चूक नाही. सेतूतला मुलगा "बीपीएल कार्ड आणा" म्हणतो, गावातला पुढारी म्हणतो, बातम्यांतही तेच छापून येतं. रेशन खात्याच्या कागदांतही पिवळ्या कार्डाला बीपीएल म्हणायची पद्धत आहे. माझा या शब्दावर राग आहे आणि मी तो बोलण्यातून काढून टाकलाय. इथेही कार्डाला कार्ड म्हणेन आणि यादीला यादी.

कार्डाबद्दल फार सांगायला नको, ते घरोघरी आहे. १ मे १९९९ पासून राज्यात तीन रंगांची कार्डं आली. वर्षाचं उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळं, तिथून १ लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरं. २०१४ च्या फेब्रुवारीत अन्नसुरक्षा कायदा लागू झाल्यावर त्यात अंत्योदय आणि प्राधान्य असे गट पडले. अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, प्राधान्यला माणशी ५ किलो. ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० पर्यंत उत्पन्न असलेल्या केशरी कार्डांवरही प्राधान्य कुटुंबाचा शिक्का बसला. हा सगळा हिशेब धान्याचा. तो तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा ठेवते.

यादीचा जन्मच निराळा आहे. ग्रामीण भागात जिला आपण दारिद्र्यरेषेची यादी म्हणतो ती २००२ सालच्या सर्वेक्षणातून तयार झाली आणि ती ग्रामविकास खात्याची आहे. तिची प्रत ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत सापडते, पुरवठा शाखेत नाही. त्या सर्वेक्षणात प्रत्येक कुटुंबाला १३ प्रश्न विचारले गेले. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ५२. जमीन किती, घर कसलं, माणशी कपडे किती, वर्षभर दोन वेळचं जेवण मिळतं का, शौचाला कुठं जाता, घरात पंखा, रेडिओ, टीव्ही, कुकर यांतलं काय आहे, घरात सगळ्यात जास्त शिकलेलं कोण, पोरं शाळेत जातात की कामाला, कर्ज कुणाचं आहे, गाव सोडून कामाला जावं लागतं का. गुण जितके कमी तितकं कुटुंब गरीब. ठरावीक गुणांच्या खाली जी कुटुंबं आली ती यादीत गेली.

आता या १३ प्रश्नांत काय नाही ते बघा. तुमचं उत्पन्न किती, हा प्रश्नच त्यात नाही.

सगळा गोंधळ इथे सुटतो. कार्डाचा रंग उत्पन्नावर ठरतो. यादीतली जागा २००२ साली तुमच्या घरात काय होतं आणि काय नव्हतं त्यावर ठरली. कार्ड बदलतं. उत्पन्न वाढलं की पिवळ्याचं केशरी होतं, भाऊ वेगळे झाले की कार्ड विभक्त होतं, सून आली की तिचं नाव चढतं. यादी बदलत नाही. तो त्या दिवशीचा काढलेला फोटो आहे आणि फोटोत नंतर माणूस घालता येत नाही. "पाच हजार द्या, यादीत नाव घालून देतो" असं सांगणारा भेटला तर तो तुम्हाला फसवतोय. २००२ च्या यादीत आज अर्ज करून नाव घालायची सोय नाही.

पिवळं कार्डही एका यादीवरूनच दिलं जायचं ना, असं जुनी माणसं मला सांगतात. बरोबर आहे, पण ती यादी वेगळी. पिवळ्या कार्डासाठी १९९७-९८ च्या सर्वेक्षणातली कुटुंबं धरली होती आणि त्यावर १५,००० च्या उत्पन्नाची अट होती. पुढे त्यात आणखी लोक आले. बंद पडलेल्या गिरण्यांचे आणि साखर कारखान्यांचे कामगार, विडी कामगार, पारधी आणि कोल्हाटी समाजातली कुटुंबं, परित्यक्ता आणि निराधार बायका, यांना सरकारने तात्पुरती पिवळी कार्डं दिली. त्यांना ती मिळायलाच हवी होती. पण कार्ड मिळालं म्हणून त्यांची नावं २००२ च्या यादीत चढली नाहीत. म्हणून पिवळं कार्ड असून यादीत नसलेली घरं गावोगाव आहेत, आणि यादीत नाव असून हातात केशरी कार्ड असलेली घरंही आहेत. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना तर आपण यादीत आहोत हे माहीतच नसतं. कार्डाचा रंग बघून ते कधी विचारायलाच जात नाहीत.

सगळ्यात जास्त अडकतात त्या तिशीतल्या विधवा. २००२ साली ती दुसऱ्या गावात, बापाच्या घरात, शाळकरी पोर होती. तेव्हा तिच्या बापाचं घर यादीत असेल तर असेल, त्याचा आज तिला उपयोग नाही. सासरचं घर यादीत असेल तर ते सासऱ्याच्या नावावर, सासरा वारलेला, तिघे भाऊ वेगळे राहतात, तिघांची कार्डं वेगळी. यादीत मात्र अजून एकच कुटुंब, एकच क्रमांक. अशा वेळी "तुमचं नाव नाही" म्हणून तिला परत पाठवतात. तिचं नाव नसेलच. शोधायचं असतं सासऱ्याचं नाव, आणि मग रेशन कार्ड, मृत्यूचा दाखला, विवाहाचा पुरावा असे कागद जोडून नातं दाखवायचं असतं. यादी बघायला जाताना घरातल्या त्या वेळच्या कर्त्या माणसाचं नाव घेऊन जा. ही एवढी गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मग यादी लागते कुठे? निराधारांच्या ज्या योजनांत केंद्राचा पैसा असतो तिथे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन, ४० वर्षांवरच्या विधवांचं केंद्राचं निवृत्तिवेतन, ८० टक्के अपंगत्व असलेल्यांचं केंद्राचं निवृत्तिवेतन आणि राष्ट्रीय कुटुंबलाभ, या चारही ठिकाणी यादीतलं कुटुंब लागतं. पिवळं कार्ड तिथे चालत नाही. शेवटची योजना लोक सर्रास विसरतात. यादीतल्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस वारला तर घराला एकरकमी २०,००० रुपये मिळतात. मृत्यू अपघातानेच झाला पाहिजे असं नाही, आजारपणाने गेला तरी मिळतात.

यापुढचा भाग यादीत नाव नसलेल्यांनी नीट वाचावा, कारण खरं नुकसान त्यांचं होतं. यादीत नाव नाही म्हणजे सरकारकडून काहीच मिळणार नाही, ही समजूत पिवळ्या कार्डाच्या गैरसमजाहून घातक आहे. संजय गांधी निराधार योजना राज्याची आहे. ती ६५ वर्षांखालच्या निराधारांसाठी आहे: विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, किमान ४० टक्के अपंगत्व असलेले, अनाथ मुलं, कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोगासारख्या आजारांनी ग्रासलेले. इथे दोन दारं आहेत. यादीतला उतारा द्या, किंवा तहसीलदाराचा २१,००० रुपयांपर्यंतचा उत्पन्नाचा दाखला द्या. दोन्ही नव्हे, दोन्हीतला एक. अपंगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे. दोन्ही दारांवर १५ वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मात्र लागतो.

पासष्टीनंतर श्रावणबाळ. तिथे गट अ आणि गट ब आहेत आणि या अ-ब वरून लोक घाबरतात. गट अ म्हणजे यादीतले. त्यांच्या पैशात केंद्राचा वाटा असतो, ८० वर्षांपर्यंत २०० रुपये आणि त्यानंतर ५००, बाकीचा राज्य घालतं. गट ब म्हणजे यादीत नसलेले, पण उत्पन्न २१,००० च्या आत असलेले. त्यांचा सगळा पैसा राज्याचा. म्हातारीच्या हातात किती पडतात? २०२३ च्या जुलैपासून दोघींच्या हातात १,५०० रुपयेच पडतात. कुणाच्या तिजोरीतून किती आले हा सरकारचा आपसातला हिशेब आहे. असं असताना "यादीत नाही" एवढ्यावर सत्तरीतल्या आजीला पंचायत समितीतून घरी पाठवलेलं मी पाहिलंय. तिथून तहसील कार्यालय पाच मिनिटांवर होतं. तिने दीड वर्ष अर्जच केला नाही. सत्तावीस हजार रुपये गेले, आणि मागचे पैसे तिला कुणी देणार नव्हतं.

२१,००० च्या मर्यादेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, तेही अख्ख्या घराचे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकाने त्या वर्षी हक्काचे १०० दिवस काम केलं असतं तर ३१,२०० झाले असते आणि ते घर सरकारच्याच कागदावर निराधार राहिलं नसतं. लाडकी बहीण योजनेला हीच मर्यादा अडीच लाख रुपये आहे. २१,००० ची रेघ वर सरकवली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ती सरकेपर्यंत मी अर्जदाराला एवढंच सांगते की उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्यासमोर घरातल्या कामाचा खरा हिशेब मांडा. मोसमात चार महिने मिळणारी मजुरी बारा महिन्यांची धरून दाखला निघतो आणि अर्ज तिथेच बाद होतो.

लाडकी बहीणचं नाव निघालंच आहे तर तिथला गोंधळ उलट्या दिशेचा आहे. तिथे यादी लागत नाही. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज नाही, बाकीच्यांना दाखला लागतो. कार्ड हाच उत्पन्नाचा पुरावा मानलाय. २०२४ साली लाखो बायकांनी ते कार्ड दाखवून अर्ज भरले, पैसे आले, आणि तेव्हापासून "कार्डावर सगळं होतं" ही समजूत पक्की झाली. एका योजनेत चाललेलं कार्ड दुसऱ्या योजनेत चालेलच असं नाही, कारण तिथे मोजायचं काहीतरी वेगळंच असतं. आणि संजय गांधीचे १,५०० ज्या बाईला मिळतात तिला लाडकी बहीणचे १,५०० वर मिळत नाहीत. दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढी किंवा त्याहून जास्त रक्कम घेणारी बाई तिथे अपात्र ठरते. दोन्हीकडे अर्ज करून ठेवा, असा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका.

घरकुल आणि आयुष्मान कार्डाच्या मागे सुरुवातीला २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेची यादी होती. ती तिसरीच. "आयुष्मानच्या यादीत नाव आहे" हा निराधाराच्या अर्जाला जोडायचा पुरावा नव्हे, इतकंच इथे सांगते.

राहिली अर्जातली एक ओळ, जिच्यामुळे चांगले अर्ज परत येतात. "दारिद्र्यरेषेचा क्रमांक" असा रकाना असतो. नव्वद टक्के लोक, मी डोळ्यांनी बघते म्हणून सांगते, तिथे रेशन कार्डाचा बारा आकडी क्रमांक लिहितात. तो क्रमांक धान्याचा आहे. या रकान्यात यादीतला कुटुंबाचा क्रमांक लागतो, आणि तो कार्डावर कुठेच छापलेला नसतो. ग्रामसेवकाकडून यादीचा उतारा घ्या, त्यावर कुटुंब क्रमांक आणि गुण दोन्ही आहेत ना ते बघा, सही-शिक्का घ्या आणि मगच रकाना भरा. शहरात राहत असाल तर नगरपालिकेत विचारा, तिथली यादी वेगळी असते. यादीत नाव नसेल तर त्या रकान्यात सरळ "नाही" लिहा आणि उत्पन्नाचा दाखला जोडा. "नाही" लिहिलं म्हणून अर्ज बाद होत नाही. चुकीचा क्रमांक लिहिला म्हणून होतो.