टायर वाढला, गिअर हरवला

सुझुकी जिम्नीला कंपनीतून १९५/८० आर १५ मापाचे टायर येतात. रुंदी १९५ मिलिमीटर, साईडवॉल त्या रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १५६ मिलिमीटर, रिम १५ इंची. खालवर दोन साईडवॉल आणि मधली रिम मिळून टायरचा व्यास भरतो ६९३ मिलिमीटर. आता हौशी मालक तिला ३० इंची, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे टायर चढवतो. व्यास ६९ मिलिमीटरने वाढला, पण डिफरन्शियलचा (थोडक्यात डिफ, एक्सलच्या मध्यावरचं गिअरचं घर) गोळा जमिनीपासून वर उचलला गेला तो त्याच्या निम्माच, साडेचौतीस मिलिमीटर, कारण एक्सल चाकाच्या मध्यावर असतो. खडकाळ वाटेवर डिफ घासणार की सुटणार, हे एवढ्याशा उंचीवर ठरतं. आणि ती उंची मिळवायचा सोपा मार्ग एकच, टायर. सस्पेन्शन कितीही उचला, वर जाते ती बॉडी. एक्सल होता तिथेच राहतो. तेव्हा मोठ्या टायरचा हट्ट म्हणजे निव्वळ मिरवणं नव्हे. (मिरवणं अजिबात नसतं, असंही छातीठोकपणे सांगवत नाही.)

या साडेचौतीस मिलिमीटरची किंमत गिअरमध्ये मोजावी लागते, आणि ती बहुतेकांना टायर बसवून झाल्यावर कळते.

एक्सलचा शाफ्ट चाकाला पिळतो आणि चाक जमिनीला मागे ढकलतं. ही ढकल किती जोरदार, हे काढायचं तर शाफ्टचा पीळ भागिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढली की त्याच पिळात ढकल नऊ टक्क्यांनी कमी होते. पहारीने धोंडा उचलताना लांब टोक आपल्या हातात असतं म्हणून तो उचलला जातो. मोठा टायर बसवला की ते लांब टोक रस्त्याच्या हातात जातं. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, तरी गाडी ओढत नाही, पिकअप मेला, दुसऱ्यात चढायचा तो चढ आता पहिला मागतो.

आकड्यांत बघू. जिम्नीच्या मॅन्युअल गाडीत क्राऊन-पिनियनचा, म्हणजे डिफमधल्या मोठ्या-लहान गिअरजोडीचा, रेशो ४.०९ आहे, म्हणजे एक्सलकडे पीळ नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या ४.०९ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी. टायर १.१ पट मोठा झाला की हाच रेशो ३.७२ असल्यासारखा वागतो. पाचवा गिअर १:१ चा आहे. मूळ टायरवर ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण ३१३० फेरे मारतं, मोठ्या टायरवर २८५०. हे ऐकून कुणीतरी लगेच म्हणतो, ‘वा! फेरे कमी, म्हणजे अ‍ॅव्हरेज वाढणार.’ सपाट रस्त्यावर आणि वारा पाठीशी असेल तर वाढेलही कदाचित. पण कसारा घाटात पाचवा सोडून चौथ्यात यावं लागतं, मग तिसऱ्यात, आणि वाचवलेलं डिझेल-पेट्रोल तिथेच फिटतं. शिवाय स्पीडोमीटर आता खोटं बोलतो. काटा ८० वर असताना गाडी ८८ ने धावत असते. ओडोमीटरही तेवढाच मागे पडतो, त्यामुळे टाकीगणिक काढलेला अ‍ॅव्हरेजचा हिशोबही चुकतो.

वजनाचा मामला वेगळा. जाड खाचांचा, मजबूत साईडवॉलचा टायर मूळ टायरपेक्षा कितीतरी जड असतो, आणि हे वजन नुसतं वाहून न्यायचं नसतं, फिरवायचंही असतं. परिघाजवळचं एक किलो वजन वेगात आणायला डिकीतल्या एक किलोच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. थांबवतानाही तेच. ब्रेकचा पीळ तेवढाच, त्रिज्या वाढलेली, फिरतं वजन वाढलेलं. म्हणून अनुभवी माणूस व्यासाच्या हिशोबाने जो रेशो निघतो, त्याच्या एक पायरी खालचा, म्हणजे मोठ्या आकड्याचा, घेतो. जीप रँग्लरच्या मालकांचं नेहमीचं उदाहरण घ्या. ३३ इंची टायरवर ४.१० रेशो असेल तर ३७ इंचाला गणिताने ४.६० येतं, बाजारात त्याच्याजवळचा ४.५६ मिळतो, पण बरेच जण ४.८८ किंवा ५.१३ बसवतात. ते जास्तीचे आकडे टायरच्या वजनासाठी.

हा झाला हमरस्त्याचा हिशोब. कच्च्या वाटेचा हिशोब ‘क्रॉल रेशो’वर चालतो. गिअरबॉक्सचा पहिला गिअर, ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलना पीळ वाटणाऱ्या पेटीचा) लो रेशो आणि एक्सलचा, म्हणजे क्राऊन-पिनियनचा, रेशो या तिघांचा गुणाकार म्हणजे क्रॉल रेशो. जिम्नी मॅन्युअलमध्ये पहिला ४.४२५, लो २.००२, एक्सल ४.०९, गुणाकार सुमारे ३६. म्हणजे फोर-लोच्या (चारही चाकांना जोर आणि लो रेशो) पहिल्या गिअरमध्ये इंजिन ३६ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा.

या ३६ ला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचा पहिला गिअर २.६६५, लो १.९७ आणि एक्सल ४.८८ होता, गुणाकार २५.६. सैनिकांना ही गाडी पळवायची होती. १९४५ मध्ये विलीजने हीच जीप शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए नावाने काढली, तेव्हा तिन्ही आकडे बदलले: २.८, २.४३ आणि ५.३८. गुणाकार ३६.६. शेतात अवजार ओढायचं तर माणसाच्या चालीने आणि क्लच न जाळता गाडी सरकायला हवी. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या, त्या याच नागरी वंशावळीतल्या. गंमत म्हणजे आजच्या जिम्नीचा मॅन्युअल त्या शेतकरी जीपच्या शेजारी बसतो, आणि ऑटोमॅटिक जिम्नी (२.८७५, २.००२, ४.३, म्हणजे जेमतेम २४.७) सैनिकी जीपच्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लो गिअर ताकदीसाठी असतो असं सगळे मानतात. जिम्नीच्या इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे पीळ, १३४ न्यूटन-मीटर. गळती सोडली तर फोर-लो पहिल्यात चाकांपाशी सुमारे १४ हजार न्यूटन जोर मिळतो, आणि गाडीचं वजन बारा हजार न्यूटनच्याही आत आहे. टायर जमिनीवर जेवढा धरू शकेल त्याहून हा जोर जास्त. मोठा टायर लावूनही तो पावणेतेरा हजार उरतोच. ताकद कमी नाही! मग अडतं कुठे? हा टॉर्क मिळतो ४००० फेऱ्यांना, आणि त्या फेऱ्यांना गाडी ताशी १४ किलोमीटरने दगडांवर आदळत असते. खरी गरज असते ती इंजिन बंद न पडता दगडावरून चाक अलगद उतरवण्याची. ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर मूळ टायरची जिम्नी ताशी २.९ किलोमीटरने सरकते, मोठ्या टायरवर ३.२ ने. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलचं नाव लावणाऱ्या सध्याच्या रँग्लर रुबिकॉनच्या ऑटोमॅटिकमध्ये हाच गुणाकार ४.७१ गुणिले ४ गुणिले ४.१०, म्हणजे ७७ आहे. तेवढ्याच फेऱ्यांना ती ताशी १.६ किलोमीटरने जाते. शेजारून चालणारा माणूस तिला मागे टाकून पुढे जाऊन थांबतो आणि चाक कुठे ठेवायचं ते हाताने दाखवतो.

आता गिअरबॉक्स. मॅन्युअल की ऑटोमॅटिक या वादात दोन्हीकडचे लोक आपापलं अर्धंच सांगतात. ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. चाकं जवळपास थांबलेली आणि इंजिन फिरत असेल तेव्हा तो तेलाच्या फिरकीतून पीळ वाढवतो, बहुतेक गाड्यांत दुपटीच्या आसपास. त्यामुळे चढावर, दगडापाशी, जिम्नी ऑटोमॅटिकचे २४.७ प्रत्यक्षात बरेच जास्त वाटतात. डाव्या पायाला काम नाही, गाडी मागे घरंगळत नाही, क्लच प्लेट जळल्याचा तो ओळखीचा वास नाही. पण ही वाढ घसरणीतून येते आणि घसरण म्हणजे उष्णता. मोठे टायर, लांब चढ आणि मे महिना एकत्र आले की गिअरबॉक्सचं तेल तापतं, म्हणून अशा गाडीला तेलाचा जादा कूलर आधी लावावा, दिवे नि विंच (रुतलेली गाडी ओढायची दोराची चरखी) नंतर.

उतारावर कन्व्हर्टरची जादू चालत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा आपल्याकडचा जुना नियम इंजिन ब्रेकिंगचा आहे, आणि इंजिन ब्रेकिंग नुसत्या दातांच्या गुणाकारावर चालतं. इंजिनाने १५०० फेऱ्यांवर गाडी अडवून धरली आहे असं धरलं, तर मूळ टायरवर मॅन्युअल जिम्नी ताशी साडेपाच किलोमीटरने उतरते, ऑटोमॅटिक आठाने. मोठे टायर लावले की दोन्ही आकडे दहा टक्क्यांनी वाढतात. पावसाळ्यात कोकणातल्या तांबड्या चिखलाच्या उतारावर साडेपाच आणि आठ यांत फार अंतर असतं. हिल डिसेंट कंट्रोल, म्हणजे उतारावर वेग आपोआप आवरणारी यंत्रणा, हे काम ब्रेकवर ढकलतं; छोट्या उतारावर ते उत्तम, लांब उतारावर ब्रेक तापतात.

मग रुबिकॉनच्या ऑटोमॅटिकला हा त्रास का नाही? कारण गिअर आठ आहेत. त्या गिअरबॉक्सचा पहिला ४.७१ आणि आठवा ०.६६७, म्हणजे दोन टोकांत सात पटींचं अंतर. जिम्नीच्या चार गिअरी ऑटोमॅटिकमध्ये ते ४.१ पट, मॅन्युअलमध्ये ४.४. गिअरबॉक्स निवडताना मी गिअर किती यापेक्षा हे अंतर आधी बघतो. ते मोठं असेल तर एक्सलचा रेशो बिनधास्त खाली आणता येतो. वरचे गिअर हमरस्ता सांभाळतात. ते लहान असेल तर एक टोक ओढलं की दुसरं उघडं पडतं. दगडावर सुख हवं तर मुंबई-गोवा महामार्गावर इंजिन किंचाळतं.

हरवलेला रेशो परत आणायचा ठरला, तर तो कुठे आणायचा? ट्रान्स्फर केसचा लो खाली आणला तर फक्त फोर-लो सुधारतो, रस्त्यावरचा मेलेला पिकअप मेलेलाच राहतो. शिवाय वाढलेला सगळा पीळ प्रोपेलर शाफ्ट, त्याचे जॉइंट आणि पिनियन यांच्यातून जातो, आणि तुटतात तेही तेच. जिम्नीचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला आहे, त्यामुळे त्यातले गिअर बदलून हाय आणि लो दोन्ही खाली आणता येतात. ही एक सोय. क्राऊन-पिनियन बदलला तर सगळे गिअर एकदम जागेवर येतात आणि शाफ्टवर ताण वाढत नाही. पण त्यातही मेख आहे. ४.१० म्हणजे क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात. ४.८८ म्हणजे ३९ आणि ८. डिफच्या घरात क्राऊन मोठा करायला जागा नसते, म्हणून पिनियन बारीक होतो, एका वेळी कमी दात भार घेतात. टायर जितका मोठा, पिनियन तितका नाजूक, हे उलटं गणित एका मर्यादेनंतर आडवं येतंच. मर्सिडीजच्या उनिमॉगने त्यावर चाकापाशीच शेवटची गिअरजोडी बसवून तोडगा काढला. त्याला पोर्टल एक्सल म्हणतात: पीळ अगदी शेवटी वाढतो, अलीकडचे शाफ्ट हलके राहतात आणि एक्सलही चाकाच्या मध्याच्या वर जातो. खर्च मात्र छोट्या गाडीच्या मालकाने विचारू नये.

आणि वाळूत हे सगळं उलटं. जैसलमेरच्या टेकाडावर चाक हळू फिरून भागत नाही, वेग टिकवावा लागतो. ४:१ च्या लो रेंजमध्ये तिथे गिअर बदलेपर्यंत गाडी रुतते. खोल चिखलातही खाचांतला गाळ झटकायला चाकाला फेरे लागतात.

माझं मत विचाराल तर जिम्नीसारख्या गाडीला आपल्याकडे २१५/७५ आर १५ पुरे. व्यास जेमतेम दीड टक्का वाढतो, गिअरला हात लावावा लागत नाही. ३० इंची लावायचे तर सोबत गिअरचे पैसे बाजूला ठेवावेत, नाहीतर लावू नयेत. ऑटोमॅटिकवर तर नकोच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाला छेद देणारे बदल करता येत नाहीत, आणि विमा कंपन्यांना अपघातानंतर हे कलम बरोबर आठवतं.

गिअर बदलायचेच ठरले तर पुढचा आणि मागचा एक्सल दोन्ही एकाच रेशोचे हवेत. नुसता मागचा बदलून फोर-व्हील टाकलं की दोन एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केस फुटतो. क्राऊन-पिनियन बसवणारा माणूस दातांना पिवळी पेस्ट लावून चाक फिरवून बघतो का, हेही पाहून घ्यावं. पेस्ट दाताच्या मधोमध पुसली गेली तर बैठक बरोबर. टोकाला किंवा बुडाला पुसली गेली तर पुन्हा उघडून शिम (बैठक जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलायचे. ही तपासणी टाळणाऱ्याने बसवलेला डिफ साठ-सत्तरच्या वेगाला घुमायला लागतो. नवीन जोडी सुरुवातीचे काही शे किलोमीटर बिनओझ्याची, मध्ये मध्ये थांबून गार करत चालवावी, आणि मग पहिलं तेल काढून टाकावं. त्या तेलात पोलादाची बारीक चमकी दिसली तर घाबरायचं कारण नाही. नखात धरता येईल असा तुकडा निघाला तर डिफ पुन्हा उघडावा लागेल.