गृहाधारित व समाजाधारित बालसाहाय्य सेवा (ठाणे–नवी मुंबई)

दीर्घ आजार, अपंगत्व किंवा भावनिक अडचण असलेल्या मुलाला रुग्णालयात अथवा संस्थेत न ठेवता घरी, शाळेत आणि वस्तीत वाढता यावे, यासाठीच्या सेवा. घरी येणारी परिचारिका, फिजिओथेरपी, वाचा-उपचार, विशेष शिक्षक, समुपदेशन आणि पालकांना काही तासांची उसंत देणारी व्यवस्था हे सारे यात मोडते. या सगळ्याला मिळून मराठीत एक शब्द रुळलेला नाही. कागदोपत्री 'पुनर्वसन' असते, पालक नुसते 'थेरपी' म्हणतात आणि मदतीला ठेवलेली बाई 'ब्युरोची' असते.

या कल्पनेला धोरणाचे रूप मिळाले ते अमेरिकेत. आयोवा राज्यातील केटी बेकेट ही लहान मुलगी मेंदूच्या आजारानंतर व्हेंटिलेटरवर होती. ती रुग्णालयात असेपर्यंत सरकारी योजना खर्च देई, घरी नेल्यास मदत बंद होई. घरचा खर्च मात्र कितीतरी कमी होता. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तिचे उदाहरण जाहीरपणे मांडले आणि नियम सैल झाले. आपल्याकडचा पेच याच्या नेमका उलटा आहे. मूल घरीच असते, सेवा तेवढी घरापर्यंत येत नाही.

कायदे कमी नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजारही त्यांत येतात. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्वाच्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर याच परिसरातला: ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा जाऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. दोष सापडलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी रचना आहे. त्याच काळात जव्हारला मुलांच्या परिहार सेवेचा, म्हणजे बरा न होणारा आजार असताना वेदना आणि त्रास कमी करण्याचा, प्रकल्प चालला. आदिवासी भागात असे काम उभे राहू शकते हे त्याने दाखवले.

शहरी पट्ट्यात नवी मुंबई महापालिकेचे वाशी येथील दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र (स्थापना २००७) शिक्षण, प्रशिक्षण आणि उपचार एका छताखाली देते. महापालिकेने असे काम स्वतः अंगावर घेणे दुर्मीळच. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे विभागीय केंद्र आहे. टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्रही तिथेच असल्याने सेंट ज्यूड संस्थेने बाहेरगावच्या बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी खारघरला निवासाची सोय केली आहे. उपचार महिनोन्‌महिने चालतात, पण त्या काळात मुलाला दवाखान्याच्या खाटेऐवजी आईच्या हातचा वरणभात मिळतो.

घरातली थेरपी दिसायला अगदी साधी असते. बोटांत बळ यावे म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्ट मटार सोलायला, कणकेचे गोळे करायला सांगतात. पाण्याच्या प्लॅस्टिक पेल्याला नाकाच्या जागी अर्धगोल काप देतात, म्हणजे मान मागे न टाकता पिता येते आणि ठसका लागत नाही. स्नायू ताणण्याचे व्यायाम आंघोळीआधीच्या तेलमालिशीत बसवले तर रोज होतात. वेगळी वेळ काढायची म्हटली की आठवड्यात बंद पडतात. जिथे घशातला कफ ओढून घेणारे सक्शन यंत्र किंवा हवेतून ऑक्सिजन काढून देणारा कॉन्सन्ट्रेटर लागतो, तिथे प्रश्न विजेचा. दिवा उपनगरातल्या चाळीत आणि घोडबंदरच्या टॉवरमध्ये एकाच आजाराची दोन मुले असली, तरी जनरेटर एकाच्याच इमारतीला असतो. या साऱ्याचा ताळमेळ घालायला वेगळा माणूस असावा, असे शास्त्र सांगते. इथे ते काम आईकडे येते. तिच्या पिशवीतली जाड फाईल हीच काय ती समन्वय यंत्रणा.

भावनिक अडचणींच्या बाबतीत ठाण्याला जुना वारसा आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. त्याच्या नावाने दिली जाणारी 'ठाण्याला पाठवू का?' ही धमकी मुंबईभर इतकी मुरली, की त्या गावात राहणारे पालकही मुलाला तज्ज्ञाकडे नेताना बिचकत. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्थेने हा विषय रुग्णालयाच्या भिंतीबाहेर आणला. रुग्णासाठी 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्यासाठी 'शुभंकर' हे शब्द ठाण्यातील आधारगटांत रुळलेले आहेत. मुलांच्या बाबतीत पहिली लढाई बहुधा घरातच होते. 'लाडाने बिघडलाय, बाकी काही नाही' हे आजीचे निदान खोडून काढायला कधीकधी वर्ष जाते. फोनवरून मदत हवी असल्यास टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

खर्चासाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा देते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांपुरती. याच गटातील मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान ठरते. त्याच्या वतीने निर्णय घ्यायचे तर आईवडिलांनाही पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. नवी मुंबईकरांची इथे वेगळीच गंमत होते: घर बेलापूरला असेल तर कार्यालय ठाण्याचे, आणि पुढच्याच स्थानकावर, खारघरला असेल तर रायगड जिल्ह्याचे, म्हणजे अलिबागचे.