ताईत : गोव्यातील घडण

अनिष्टापासून रक्षण व्हावे या समजुतीने गळ्यात, दंडात, मनगटात किंवा कमरेला बांधण्याची लहान वस्तू म्हणजे ताईत. त्याचे दोन भाग असतात : आतला ऐवज (मंत्र लिहिलेला कागद, भूर्जपत्र, मूळ, बी, नख, अंगारा) आणि बाहेरचे कवच (चांदीची नळी, सोन्याचे कोंदण, कापडाची पुडी, मेणकापड). कित्येकदा ऐवज उघडाच असतो आणि त्याला केवळ टोपण व कडी बसवतात. मग ताईत आणि लोलक यांतला फरक घालणाऱ्याच्या मनात उरतो. प्रस्तुत नोंदीत गोव्यातील घडणीचा, म्हणजे मुख्यतः कवचाचा, विचार केला आहे. मंत्रशास्त्राचा भाग येथे घेतलेला नाही.

शब्द. अरबी ‘तअवीज’ (आश्रय घेणे या अर्थाच्या धातूपासून) हे मूळ बहुतेकांना मान्य आहे. गुजराती ‘तावीत’, कन्नड ‘तायित’, तेलुगू ‘तायेत्तु’ व तमिळ ‘तायत्तु’ ही रूपे मराठी ताईताच्या जवळची आहेत. हिंदी-उर्दूत मात्र ‘तावीज’ असा अंत्य ज टिकला. दक्षिणेत तकारान्त रूपांचा असा सलग पट्टा दिसत असल्याने काहींनी द्राविड मूळ सुचवले आहे. तमिळमध्ये ‘ताय्’ म्हणजे आई. मुलाच्या नाळेचा वाळलेला तुकडा नळीत घालून बांधत म्हणून तायत्तु, अशी व्युत्पत्ती सांगतात. ती मनोरम आहे, पण शब्द रुळल्यानंतर जोडलेली वाटते. गुजरातीतील ‘व’ असलेले रूप अरबी मुळाच्या बाजूने अधिक बोलते. वस्तू मात्र शब्दापेक्षा पुष्कळ जुनी आहे, हे येथे वेगळे सांगायला नको.

घडण. नळीच्या ताईतासाठी चांदीचा पातळ पत्रा सळईवर गुंडाळून सांधा जुळवतात, टाकणखार लावून डाक देतात (धातू वितळवून सांधा जोडतात) व फुंकणीने ज्योत फिरवतात. एक टोक कायमचे बंद करतात. दुसऱ्या टोकाचे टोपण ऐवज भरल्यावर लाखेने बसवतात. डाकेने बसवले तर आतला कागद जळेल, एवढे साधे कारण त्यामागे आहे. जुन्या नळ्यांची एकच बाजू सैल का असते, हेही त्यावरून कळते. पोकळ भाग पिचू नये म्हणून कधी आतही लाख भरतात. वर दोन किंवा तीन कड्या. एका कडीचा ताईत फिरतो आणि उलटा पडतो, म्हणून लहान मुलासाठी दोन कड्या बऱ्या, असा सोनारांचा अनुभव आहे. गोव्यात सोनाराला आदराने ‘शेट’ म्हणतात.

नैसर्गिक ऐवजाला केवळ टोपण घालायचे तर काम सोपे दिसते, पण प्रत्येक वस्तूची खोड निराळी. बजरबट्टू हे ताडवर्गातील कोरिफा अंब्राक्युलिफेरा या वृक्षाचे बी. हा वृक्ष कित्येक दशके वाढून आयुष्यात एकदाच फुलतो, फळतो आणि मरतो. बी हस्तिदंतासारखे कठीण, त्यामुळे त्याला भोक पाडता येते, पॉलिश चढते, मणीही होतात. दृष्ट लागू नये म्हणून ते मुलांच्या गळ्यात घालत. गुंज दिसायला त्याहून देखणी आणि सोनाराच्या रोजच्या ओळखीची : ८ गुंजांचा १ मासा, १२ माशांचा १ तोळा, म्हणजे एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम. मात्र तिच्या आत अ‍ॅब्रिन हे तीव्र विष असते. अखंड बियांचे कवच ते बाहेर येऊ देत नाही. सुईने किंवा ड्रिलने भोक पाडले की संरक्षण गेले आणि भुकटी बोटांना लागली. गुंजांच्या माळा लहान मुलांना घालू नयेत असे म्हणतात ते याच कारणाने, आणि हौशी कारागिरांनी हे वाक्य दोनदा वाचावे. वाघनखाला सोन्याचे कोंदण करण्याची चाल सर्व मराठी मुलखात होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर खऱ्या नखाचा व्यापार गुन्हा ठरला. आता कोंदणात शिंगाचा, राळेचा किंवा निव्वळ धातूचा आकार असतो.

पोवळे समुद्राचे, पण गोव्याच्या समुद्राचे नव्हे. दागिन्यांतले तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातून येई. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील लिव्होर्नो बंदरातील एर्गास व सिल्वेरा ही ज्यू पेढी लिस्बनमार्गे गोव्यातील सारस्वत व्यापाऱ्यांना पोवळी पाठवी आणि मोबदल्यात हिरे घेई. एकमेकांना कधी न पाहिलेल्या, धर्म व भाषा भिन्न असलेल्या माणसांत हा व्यवहार पत्रांवर आणि पत-विश्वासावर चाले. गोव्यातील हिंदू स्त्रियांच्या काळ्या पोतीत मधेच येणारे तांबडे पोवळे पाहताना हा प्रवास सहसा ध्यानात येत नाही.

गोव्याचा खडा. गोव्यात हाताने घडलेल्या रक्षक वस्तूंपैकी जगभर गाजलेली वस्तू एकच, आणि गोव्यात ती आज फारशी कोणाला ठाऊक नाही. युरोपात तिला ‘गोवा स्टोन’ किंवा पोर्तुगीजमध्ये ‘पेद्रा कोर्दियाल’ म्हणत. ती बेझोआरची मानवनिर्मित प्रतिकृती होती. बेझोआर म्हणजे शेळीवर्गातील प्राण्यांच्या पोटात तयार होणारा खडा. फारसी ‘पादजहर’ म्हणजे विषाचा उतारा, यावरून ते नाव आले. गार्सिया दा ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादांत या खड्याची चर्चा केली आहे. नैसर्गिक खडा दुर्मिळ आणि अतिशय महाग. म्हणून गोव्यातील जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या औषधशाळेत, बहुधा सतराव्या शतकाच्या मध्याला, तो कृत्रिम रीतीने करू लागले. शिंपल्यांची पूड, पोवळे, अंबर, कस्तुरी, राळ, रत्नांची भुकटी आणि थोडा खरा बेझोआर यांचा गोळा वळून, घासून, वर सोन्याचा वर्ख लावीत. थोडासा खरवडून पाण्यात किंवा चहात घेतला की विष व ताप उतरतो असा समज होता.

हा खडा गास्पार आन्तोनियो या फ्लॉरेन्सच्या जेझुइट बंधूने काढला असे सामान्यतः मानतात. आधार मुख्यतः जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याचा. १६७० नंतरच्या दशकात गोवा पाहून त्याने लिहिले की गास्पार आन्तोनियो आता वृद्ध व जवळजवळ आंधळा आहे आणि या खड्यांपासून संस्थेला वर्षाला ५०,००० शेराफिन (पोर्तुगीज गोव्यातील नाणे) मिळतात. आकडा ऐकीव असण्याचा संभव आहे. शिवाय भारतीय वैद्यकांत जहरमोहऱ्याचा (विषावर उतारा मानलेल्या खड्याचा) वापर परिचित होता, आणि भस्मे, पिष्टी, वर्ख या सर्व क्रिया स्थानिक वैद्यांच्या हातच्या. त्यामुळे गास्पारने ‘शोध लावला’ म्हणण्याऐवजी चालू असलेल्या कृतीला नाव, साचा व बाजार दिला, असे म्हणणे अधिक सुरक्षित होईल.

या खड्यांसाठी केलेल्या डब्या हा वेगळा वाद. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सतराव्या शतकाचा शेवट ते अठराव्याचा आरंभ या काळातली, तीन पायांच्या बैठकीवरची सोन्याची डबी आहे. अशा डब्यांना सरसकट ‘तारकाम’ म्हणण्याची सवय लेखकांना आहे. पण ही डबी पत्रा कोरून केलेल्या जाळीची, उठावाच्या कामाची आहे, आणि तिच्यात तार नाही. तारकामाच्या डब्याही आहेत. दोन्ही तंत्रे एकाच शब्दात कोंबली की घडणीचे ठिकाण ठरवणे अवघड होते. पानाफुलांच्या जाळीत फिरणारे प्राणी पाहून काहींनी या डब्या मुघल किंवा दख्खनी शहरांतल्या कारागिरांच्या ठरवल्या आहेत. गोव्यात परगावचे सोनार येऊन काम करीत असणे अशक्य नाही. तरी खडा गोव्याचा म्हणजे डबीही गोव्याचीच, एवढ्यावर न थांबलेले बरे.

तारकाम. जंतराच्या (तार ओढण्याच्या सच्छिद्र पट्टीच्या) छिद्रांतून ओढून केसासारखी बारीक केलेली सोन्या-चांदीची तार दुपेडी पिळायची, ऐरणीवर किंचित चपटी करायची आणि चौकटीत वेटोळी भरून डाक द्यायची, हे तारकाम. गोव्यात ते पोर्तुगीजांनी आणले, असे पूर्वी लिहीत. उत्तर पोर्तुगालमधील तारेची हृदये आणि गोव्यातली कर्णभूषणे यांत साम्य आहे हे खरे. पण उलट दिशेचा पुरावा त्याहून जुना आहे : रावलू शेट (कागदपत्रांत ‘राउलू शातीं’) हा गोव्याचा हिंदू सोनार सोळाव्या शतकाच्या आरंभीच, पोर्तुगालच्या दों मानुएल राजाच्या काळात, लिस्बनला जाऊन राजासाठी काम करून आला. शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉय मातियश द आल्बुकेर्क (कारकीर्द १५९१–९७) याच्याशी संबंधित तारकामाची पेटी गोव्याची मानली जाते व ती लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहे. शिकवायला आलेल्यांनी शिष्याची पेटी इतक्या जपून घरी नेली नसती. नमुने येत-जात राहिले. हात येथलाच होता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी (१६३६–३७) हीदेखील स्थानिक कारागिरांचे काम मानतात.

१५६७ च्या गोवा धर्मपरिषदेने उपासनेच्या वस्तू अख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असे ठरवले. सोनार तर बहुतेक हिंदू. असे निर्बंध पुन्हा पुन्हा घालावे लागले, यावरून ते कितपत पाळले जात होते याचा अंदाज बांधता येतो. एकाच शेटाच्या शेगडीवर ताईताची नळी आणि संतांचे अवशेष ठेवण्याचा ‘रेलिकारियो’ लोलक बनत असले पाहिजेत. दोन्हींची रचना पाहिली तर फरक टोपणाचा : ताईत मिटलेला, रेलिकारियोला काच. जुने गोवे येथील ख्रिस्ती कला संग्रहालयात असे बारीक काम पाहायला मिळते. पोर्तुगीज जगात मुलांच्या गळ्यात घालण्याची ‘फिगा’ (पहिल्या दोन बोटांमध्ये अंगठा खुपसलेली मूठ) याच वर्गातली होय.

नवसाच्या वस्तू. बांधायच्या नव्हे तर वाहायच्या लहान आकृतींचे कामही येथेच सांगितले पाहिजे. देवळात वाहण्यासाठी चांदीचे डोळे, पाऊल, पाळणा ठोकून करतात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (चर्चमधील मारियामातेच्या) फेस्ताला मेणाचे हात, पाय, डोकी, बाहुल्या विकायला असतात आणि घेणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ. सायबीण आणि शिरगावची देवी लईराई या बहिणी, ही समजूत दोन्हीकडे आहे.

ओवणी. माळ ओवणे, गाठवणे हे पटवेकरांचे व घरच्या स्त्रियांचे काम. तान्ह्या मुलाच्या मनगटातील बिंदल्यांत काळा मणी आणि सोन्याचा मणी आळीपाळीने येतात.

सांप्रत. हणजुणच्या बुधवारच्या बाजारात १९७० च्या दशकापासून परदेशी हिप्पींनी मणी, चामडे व शिंपल्यांचे लोलक विकायला सुरुवात केली. पुढे ही विक्री बव्हंशी गोव्याबाहेरून आलेल्या विक्रेत्यांच्या हाती गेली. शिंपल्यांबाबत कायदा लक्षात घ्यावा लागतो. प्रवाळ आणि काही शंख-शिंपले २००१ मध्ये संरक्षित यादीत आले. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेल्या चपट्या अर्धपारदर्शक शिंपल्याची जात, प्लाकुना प्लासेंटा, त्यांपैकी एक. चिखलीच्या खाडीत ती अजून आढळते. मोडलेल्या खिडक्यांतले जुने तुकडे कर्णभूषणांसाठी वापरलेले दिसतात.

घरगुती कारागिरीत करवंटी, भाजकी माती, सुमारे १३० अंश सेल्सियसला साध्या ओव्हनमध्ये पक्की होणारी पॉलिमर क्ले आणि इपॉक्सी रेझिन ही माध्यमे चालतात. रेझिनमध्ये अबोलीची पाकळी, किनाऱ्यावरची वाळू, बाळाचे जावळ घालून लोलक करतात. फूल आधी सिलिका जेलमध्ये पूर्ण वाळवावे लागते, नाहीतर ते आतल्या आत तपकिरी पडते. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने रेझिनचा पृष्ठभाग चिकट व धुरकट राहतो, म्हणून अनेक जणी जून ते सप्टेंबर ओतकाम बंद ठेवून केवळ ओवणी करतात. जावळाच्या लोलकाला मात्र मागणी बारमाही असते, आणि त्याला दोन कड्या लावून द्या, असे आया आवर्जून सांगतात.