दाराला हात न लावता रेकी

“अहो, ती टेस्टची साइट आहे. तिचा पत्ता आमच्या टीमबाहेर कुणाला माहीतच नाही.” वेबसाइटी बनवणाऱ्या कंपन्यांत हे वाक्य नेहमी कानावर पडतं. बोलणारा खोटं बोलत नसतो. त्या साइटची लिंक कुठेही दिलेली नसते, गूगलवर ती सापडत नाही, नावही ‘यूएटी-टू’ असं काहीतरी आडवळणाचं. पासवर्ड मात्र ‘अ‍ॅडमिन१२३’, कारण इकडे येणार कोण? गंमत अशी की त्या साइटला ब्राउझरमधलं कुलूप दिसावं म्हणून प्रमाणपत्र काढलं, तेव्हाच तिचं पूर्ण नाव एका जाहीर वहीत नोंदलं गेलं. ती वही जगातल्या कुणालाही फुकट वाचता येते.

पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणजे मालकाच्या लेखी परवानगीने त्याच्याच यंत्रणेत घुसून दाखवणं. सिनेमात हे काम हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर अर्ध्या मिनिटात होतं, आणि ‘महिनाभरात एथिकल हॅकर व्हा’ म्हणणारे क्लासवालेही तेच विकतात. खरा टेस्टर आधी बराच वेळ नुसता वाचत बसतो. समोरच्या सर्व्हरशी काहीही न बोलता, इतरत्र पडलेल्या माहितीवरून ही साइट कशावर चालते हे शोधायचं. याला पॅसिव्ह रेकी म्हणतात. समोरच्या सर्व्हरवर आल्यागेल्याची जी नोंद राहते, तिच्यात या रेकीचा मागमूस उरत नाही.

साइट कशावर चालते, याला एवढं महत्त्व का? अमेरिकेतल्या एक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचं उदाहरण घ्या. अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली एक गंभीर फट मार्च २०१७ मध्ये जाहीर झाली, दुरुस्तीही त्याच वेळी उपलब्ध झाली. एक्विफॅक्सच्या एका पोर्टलवर ती बसवायची राहून गेली. मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. फट सगळ्यांना माहीत होती. प्रश्न एवढाच होता की जुनं स्ट्रट्स अजून कोणाकडे आहे.

हे ओळखायच्या खुणा ढीगभर आहेत. सर्व्हर उत्तर देताना हेडरमध्ये, म्हणजे पानाआधी पाठवलेल्या तांत्रिक ओळींत, स्वतःचं नाव आणि कधीकधी आवृत्तीही सांगून टाकतो. साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीचं, म्हणजे कुकीचं, नाव ‘पीएचपीसेसआयडी’ असेल तर मागे पीएचपी, ‘जेसेशनआयडी’ असेल तर जावा. पानाच्या सोर्समध्ये ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ दिसलं की वर्डप्रेस. डीएनएस या इंटरनेटच्या नाव-पत्ता यादीतल्या नोंदी मेल गूगलकडे आहे की मायक्रोसॉफ्टकडे ते सांगतात. कंपनीची नोकरीची जाहिरात तर आवृत्तीसकट यादीच देते. आता काटेकोर माणूस म्हणेल की हेडर बघायला साइट उघडावी लागते, म्हणजे स्पर्श झालाच. बरोबर आहे. म्हणून तो साइटींच्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमधली जुनी प्रत वाचतो, किंवा शोडान या २००९ पासून चालू असलेल्या शोधयंत्राने आधीच गोळा करून ठेवलेली उत्तरं बघतो.

पण या सगळ्यापेक्षा मला ती वही जास्त आवडते. तिच्या पोटात एक देखणं गणित आहे.

ब्राउझर एखाद्या साइटवर विश्वास ठेवतो तो तिच्या प्रमाणपत्रामुळे, आणि प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था जगभर पसरल्या आहेत. यातली एक जरी फुटली तरी तिच्या नावावर कुठल्याही साइटचं बनावट प्रमाणपत्र निघू शकतं. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या संस्थेत हेच घडलं. हल्लेखोरांनी गूगलसह अनेक साइटींची ५०० हून अधिक बनावट प्रमाणपत्रं काढली आणि गूगलचं प्रमाणपत्र इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. त्याच सप्टेंबरात डिजिनोटार दिवाळखोरीत निघाली. आपणही यातून सुटलो नाही. जुलै २०१४ मध्ये गूगलला आपल्या डोमेनची काही अनधिकृत प्रमाणपत्रं सापडली, आणि ती दिली होती भारत सरकारच्या एनआयसी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या प्रमाणपत्र विभागाने. दुसऱ्याच दिवशी भारताच्या प्रमाणन नियंत्रकांनी एनआयसीचे अधिकार काढून घेतले.

उपाय म्हणून गूगलच्या काही अभियंत्यांनी सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी ही योजना मांडली. २०१३ मध्ये तिचा तपशील प्रसिद्ध झाला. कल्पना साधी: दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र जाहीर लॉगमध्ये, म्हणजेच सुरुवातीच्या त्या वहीत, नोंदवा. लॉग प्रमाणपत्राच्या बदल्यात वेळेचा शिक्का मारलेली पोच देतो. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांबाबत क्रोमने ही पोच सक्तीची केली. पोच नाही तर विश्वास नाही.

तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीसारखंच हे. पण तलाठ्याने मागचं पान फाडून नवं चिकटवलं तर? लॉग चालवणारा कोट्यवधी नोंदींतली एक गुपचूप गाळेल, किंवा तुम्हाला एक वही दाखवेल आणि मला दुसरी. सगळी वही रोज कोण तपासत बसणार?

इथे रॅल्फ मर्कल यांची १९७९ सालची युक्ती कामाला येते. हॅश म्हणजे कितीही लांब मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा. इथे तो ३२ बाइटांचा असतो. मूळ मजकुरात स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो, आणि ठरावीक ठसा येईल असा मजकूर घडवणं व्यवहारात अशक्य. आता समजा वहीत आठ प्रमाणपत्रं आहेत. प्रत्येकाचा ठसा काढा. पहिल्या-दुसऱ्याचे ठसे जोडून त्यांचा एक नवा ठसा, तिसऱ्या-चौथ्याचा एक, असे चार होतील. त्या चारांचे पुन्हा जोडीने दोन आणि त्या दोनांचा शेवटी एकच. हा मुळाचा ठसा, आणि या उलट्या झाडासारख्या रचनेला मर्कल झाड म्हणतात. लॉग त्यावर सही करून तो जाहीर करतो.

तिसरं प्रमाणपत्र वहीत आहे हे पटवून द्यायला लॉगने आठही दाखवायची गरज नाही. चौथ्याचा ठसा, पहिल्या-दुसऱ्याचा मिळून एक आणि पाचव्यापासून आठव्यापर्यंतचा मिळून एक, असे तीनच ठसे तो देतो. तिसरं प्रमाणपत्र तुमच्याकडे आहेच. तुम्ही पायऱ्या चढत वर जाता, आणि तुमचं उत्तर सही केलेल्या मुळाशी जुळलं तर नोंद आहे. आठासाठी तीन, सोळासाठी चार. दहा लाखांसाठी वीस, आणि १०० कोटींसाठी फक्त तीस! तीस ठसे म्हणजे ९६० बाइट, एक किलोबाइटही नाही. अशाच मोजक्या ठशांनी कालची वही आजच्या वहीत जशीच्या तशी आहे, म्हणजे शेवटी भर पडली पण मधलं काही बदललं नाही, हेही सिद्ध होतं. त्यासाठी आधी पाहिलेलं मूळ आणि नवं मूळ दोन्ही एकाच संचातून काढून दाखवावी लागतात.

एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. झाडाच्या पानांचे, म्हणजे एकेका प्रमाणपत्राचे, ठसे काढताना मजकुराआधी शून्याचा बाइट लावतात आणि जोड्यांचे काढताना एकाचा. तसं केलं नाही, तर कुणी मधल्याच एखाद्या जोडीचा ६४ बाइटांचा ऐवज ‘हे घ्या प्रमाणपत्र’ म्हणून पुढे करू शकेल आणि हिशेब तरीही जुळेल. एका बाइटने हा चोरमार्ग बंद होतो.

यात ना नाणं आहे, ना वीज जाळणारं मायनिंग. ‘ब्लॉकचेन’ हा शब्द चिकटवून सरकारी निविदांपासून आंब्याच्या पेट्यांपर्यंत काहीही विकलं गेलं, त्या काळात हे झाड गाजावाजा न करता आपल्यापैकी बहुतेकांच्या ब्राउझरमागे काम करत होतं.

आता टेस्टरकडे वळू. तो सीआरटी डॉट एसएच या साइटवर जाऊन तुमचं डोमेन टाकतो. समोर वर्षानुवर्षांच्या प्रमाणपत्रांची यादी येते, तीही तुमच्या सर्व्हरला न शिवता. नावंच बोलतात. ‘जेनकिन्स’ने सुरू होणारं सबडोमेन, म्हणजे डोमेनच्या आधी जोडलेलं नाव, दिसलं की सॉफ्टवेअर तयार करण्याची यंत्रणा कुठली ते कळलं. ‘गिटलॅब’, ‘ग्राफाना’, ‘जिरा’, ‘व्हीपीएन’ ही नावंही तशीच. ‘ओल्ड’ दिसलं की अनुभवी टेस्टर खुर्ची पुढे ओढतो. प्रमाणपत्र अ‍ॅमेझॉनने दिलं असेल तर साइट बहुधा त्यांच्या क्लाउडवर, सीपॅनेलचं असेल तर बहुधा शेअर्ड होस्टिंगवर. हे अंदाज असतात, पुरावे नव्हेत. यादीतलं निम्मं कधीच बंद पडलेलं निघू शकतं.

ही वही हल्लेखोरही वाचतात. २०१७ च्या डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत हॅनो बोक या जर्मन पत्रकाराने दाखवलं की लॉगमध्ये ताजं नाव दिसताच तिथे धाव घेतली, तर मालकाने वर्डप्रेसचं इन्स्टॉलेशन पुरं करण्याआधीच ते बळकावता येतं.

मग नाव लपवायचं का? तारांकित, म्हणजे सबडोमेनच्या जागी नुसती * खूण असलेलं, प्रमाणपत्र घेतलं तर एका नोंदीत सगळी सबडोमेन झाकली जातात. पण तीच गुप्त किल्ली अनेक सर्व्हरांवर ठेवावी लागते, आणि एक फुटला की सगळ्यांची पंचाईत. मला हा सौदा बहुतेक ठिकाणी महाग वाटतो. टेस्टची साइट व्हीपीएनच्या, म्हणजे फक्त आपल्या माणसांना आत सोडणाऱ्या खाजगी जोडणीच्या, आड ठेवणं आणि नको झालेली बंद करणं त्याहून स्वस्त. खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूचा हार जरूर घाला, पण त्याच दिवशी त्याचे अपडेटही करून टाका.

कायद्याची रेषा इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जाहीर वही वाचणं वेगळं. तिथल्या पत्त्यावर जाऊन परवानगीशिवाय पासवर्ड लावून बघणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ चा विषय होतो.

मालकालाही ही वही तेवढीच उघडी आहे. २०१६ मध्ये फेसबुकच्या सुरक्षा टीमला लॉगवर नजर ठेवताना आपल्याच काही सबडोमेनची दोन अनपेक्षित प्रमाणपत्रं दिसली. शोध घेतल्यावर कळलं की ती चोराने नव्हे, त्यांच्याच होस्टिंग कंत्राटदाराने काढली होती. सुरक्षा टीमला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.