वेरूळचं ऊन आणि कॅमेऱ्याचा हिवाळा

वेरूळच्या कैलास लेण्याचं एखादं जुनं छायाचित्र आठवून पाहा. आकाश कोरं पांढरं, दगड कोरडा ठणठणीत, सावल्या काळ्याकुट्ट. पावसाळ्यात तिथे उभं राहिलेल्याला हे चित्र अपुरं वाटतं. तेव्हा कातळ भिजून काळाभोर झालेला असतो, कड्यांवर शेवाळ चढलेलं असतं आणि वरून पाण्याच्या धारा लागलेल्या असतात. हे ओलं वेरूळ एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत फारसं भेटत नाही. त्याची कारणं रसायनात आहेत, रस्त्यांत आहेत आणि सूर्याच्या वाटेतही.

मूर्तीशी कॅमेऱ्याचं नातं छायाचित्रणाइतकंच जुनं. एका चित्राला मिनिटंच्या मिनिटं लागत, आणि मूर्ती हलत नाही. इंग्लंडमध्ये छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या फॉक्स टॅल्बट यांनी १८४४ पासून पुस्तकरूपाने काढलेल्या छायाचित्रांत पॅट्रोक्लस या ग्रीक पुराणकथेतल्या योद्ध्याचा अर्धपुतळा आहे. त्यासोबत त्यांनी जे लिहिलं, ते आजही नव्या छायाचित्रकाराने वाचावं. कडक उन्हात गडद सावल्यांनी घाट विस्कटतो, म्हणून पुष्कळ मूर्तींना ढगाळ दिवस बरा. उन्हातच काढायचं तर एका बाजूला पांढरं कापड धरून उजेड परतवावा. मूर्ती जागच्या जागी थोडी फिरवली तरी नवं चित्र मिळतं. कैलास काही फिरवता येत नाही. तिथे सूर्याने फिरायचं आणि आपण थांबायचं.

कॅमेऱ्याआधी ही अडचण नव्हती. १७९०च्या दशकात पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी वेरूळ रेखाटलं. चित्रकाराला ऊन मनाने घालता येतं, नको ती सावली सोडून देता येते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आलेले रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळले, आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांची ७४ छायाचित्रं लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तो जमाना ओल्या कोलोडियनचा. काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली आहे तोवरच चित्र घेऊन तिथल्या तिथे धुवायची. हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, आणि वैशाखातल्या झळांत तीही नाहीत. पावसाळ्यात वाटा चिखलात बुडालेल्या, काचा आणि रसायनांच्या पेट्या बैलगाडीत. सरकारी दौरेही थंडीतच निघायचे. उरला तो हिवाळा.

त्यात त्या काचांना निळा उजेड फार लवकर लागे, हिरवा-तांबडा जवळजवळ लागतच नसे. दगडाचे बारकावे येईपर्यंत आकाश पार पांढरं होऊन जाई. ढग असले तरी चित्रात येत नसत, आणि शेवाळाची हिरवाई काळ्या डागासारखी उमटे. म्हणजे कुणी भर श्रावणात काच उघडली असती तरी श्रावण तिच्यावर उतरला नसता! सर्व रंगांना सारखा प्रतिसाद देऊ पाहणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या १९०६ मध्ये. नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचं १९०५ मध्येच निधन झालं. त्यांची वेरूळची छायाचित्रं पाहताना मला ही एका वर्षाची चुकामूक नेहमी टोचते.

आता सूर्याची वाट. वेरूळ साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य ४६-४७ अंशांपलीकडे चढत नाही. कैलासाचं अंगण डोंगरात वरून खाली कोरलेलं, मागच्या बाजूला कडा ३० मीटरहून उंच. त्यामुळे दक्षिणेच्या कड्याची सावली अंगणात लांबवर पसरते, आणि कैलास हलवणारा रावण नेमका मंदिराच्या दक्षिण अंगाला, खोल कोनाड्यात आहे. जुन्या चित्रांतला काळोख हा असा हिवाळ्याचा आहे. या शिल्पाला टॅल्बट यांचा ढगाळ दिवसच हवा. आषाढातला पसरलेला मऊ उजेड कोनाड्याच्या आतपर्यंत पोचतो आणि रावणाचे हात एकेक करून मोजता येतात.

उलट मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. महाभारताचा पट उत्तर बाजूला आहे. ढग फाटले तर भिंतीला घासून उतरणारं ते ऊन उथळ कोरीवकामालाही उठाव देतं. वर्षातले हे दोनच महिने, आणि त्यातलेही बरेच दिवस पावसाचे.

लेण्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी मागचा कडा ऊन अडवतो, दर्शनी भाग उजळायला दुपार कलावी लागते. मावळतीचा बिंदूही वर्षभर सरकत राहतो, जूनमध्ये ठीक पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. प्रवेशद्वारावरची तीच आकृती जूनमध्ये डावीकडून उजळते, डिसेंबरमध्ये उजवीकडून.