क्लाउड नकाशा मंच : स्क्रिप्टद्वारे सदस्य-व्यवस्थापन व बॅकअप

क्लाउडवरील नकाशा मंचावर संस्थेची सदस्य-खाती उघडणे, त्यांना भूमिका व परवाने देणे, नको झालेली खाती बंद करणे, तसेच त्या खात्यांतील वेब मॅप, लेयर (नकाशावरचा एकेका विषयाच्या माहितीचा थर), अ‍ॅप व फायली यांच्या प्रती मंचाबाहेर काढून ठेवणे ही कामे संकेतस्थळावर एकेक करून न करता स्क्रिप्टने (संगणकाला क्रमवार आज्ञा देणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) उरकण्याची पद्धत. एस्री या अमेरिकी कंपनीच्या आर्कजीआयएस ऑनलाइन या मंचावर ती विशेष रुळलेली असल्याने प्रस्तुत नोंद मुख्यतः त्या मंचाच्या आधारे केली आहे. इतर मंचांचा उल्लेख शेवटी येईल.

सदस्य-व्यवस्थापन आणि बॅकअप हे विषय बऱ्याचदा वेगवेगळे मांडले जातात. या मंचांच्या रचनेत मात्र ते एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. मंचावरच्या प्रत्येक आयटमला (म्हणजे नकाशा, लेयर, फाइल अशा प्रत्येक घटकाला) मालक असतो आणि तो मालक म्हणजे एखादे सदस्य-खाते. ज्या खात्याच्या नावावर आयटम किंवा गट शिल्लक आहेत ते खाते काढून टाकता येत नाही. आधी ते दुसऱ्याच्या नावावर करावे लागतात किंवा नष्ट करावे लागतात. त्यामुळे एखादा कर्मचारी संस्था सोडून जातो त्या दिवशी त्याचे खाते आणि त्याचे नकाशे हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात.

पूर्वपीठिका : जॅक व लॉरा डेंजरमंड यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील रेडलँड्स येथे एस्रीची स्थापना केली. आर्कजीआयएस डॉट कॉम २०१० मध्ये आणि संस्थांसाठीची वर्गणी-पद्धत २०१२ मध्ये आली. स्क्रिप्टद्वारे प्रशासनाचा आरंभ केव्हापासून धरावा, हे थोडे वादाचे आहे. मंचाचा रेस्ट इंटरफेस, म्हणजे वेब-पत्त्यांवर विनंत्या पाठवून मंच चालवण्याचे द्वार, प्रारंभापासून खुला होता. एचटीटीपी विनंती पाठवू शकणाऱ्या कोणत्याही भाषेतून तो चालवता येई, म्हणून काही जण आरंभ तिथेच मानतील. दुसरा टप्पा सुमारे २०१३ चा. त्या सुमारास एस्रीने गिटहब या कोड-भांडारावर ‘एगो-टूल्स’ हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले पॅकेज (तयार आज्ञांचा संच) ठेवले. सदस्यांची यादी काढणे, आयटमांची मालकी बदलणे अशी छोटी, नेमकी कामे ते करी. ‘आर्करेस्ट’ हे अधिक व्यापक पॅकेजही याच काळातले. तिसरा टप्पा आर्कजीआयएस एपीआय फॉर पायथन या एस्रीच्या पायथन आज्ञासंचाचा, त्याची १.० आवृत्ती २०१६ च्या अखेरीस निघाली. पहिल्या दोन टप्प्यांतील स्क्रिप्ट ज्याने त्याने आपल्यापुरत्या लिहिल्या. सदस्य, गट आणि आशय या तिन्हींची एकच सुसंगत मांडणी मिळाली ती तिसऱ्या टप्प्यात. पद्धत म्हणून तिचा आरंभ २०१६ पासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याआधीचा काळ पूर्वतयारीचा म्हणावा. आर्करेस्टच्या वापरकर्त्यांनाही पुढे याच एपीआयकडे वळवण्यात आले.

सदस्य-व्यवस्थापन : नव्या सदस्यांची यादी सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्यातून) वाचून एकेक खाते उघडणे हा सर्वपरिचित उपयोग. प्रत्येक खात्याला वापरकर्ता-प्रकार आणि भूमिका अशा दोन गोष्टी द्याव्या लागतात. प्रकार परवान्याशी निगडित असतो. सदस्याने काय करावे आणि काय करू नये हे भूमिका ठरवते. ही विभागणी २०१८ च्या अखेरीस आली. त्याआधी ‘लेव्हल १’ व ‘लेव्हल २’ अशी दोनच पायऱ्यांची व्यवस्था होती, त्यामुळे त्या काळातल्या स्क्रिप्ट आज जशाच्या तशा चालत नाहीत. प्रकारांची नावेही पुढे पुन्हा बदलली आहेत.

वापरकर्ता-नाव एकदा दिले की बदलता येत नाही, आणि ते संपूर्ण आर्कजीआयएस ऑनलाइनमध्ये एकमेव असावे लागते. नाव बदलायचेच असेल तर नवे खाते उघडून जुन्याचा सारा आशय त्याच्याकडे वळवणे एवढाच मार्ग राहतो. ‘रीअसाइन_टू’ या आज्ञेने हे एका ओळीत होते. महत्त्वाची बाब अशी की मालकी बदलली तरी आयटमचा आयडी तोच राहतो, त्यामुळे त्यावर आधारलेले नकाशे व अ‍ॅप विनाखंड चालू राहतात.

निष्क्रिय खाती शोधण्याची स्क्रिप्ट जवळजवळ प्रत्येक प्रशासकाकडे असते, आणि तिच्यातला एक धोका बारकाईने पाहण्यासारखा आहे. सदस्याने शेवटचे लॉगिन केव्हा केले ते मंच १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत देतो. ज्याने एकदाही लॉगिन केलेले नाही त्याच्याबाबत ही संख्या −१ असते. स्क्रिप्टने −१ ची थेट तारीख केली, तर तो सदस्य १९७० च्या उंबरठ्यापासून गैरहजर असल्याचे दिसते. सकाळी उघडलेले खाते रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये ‘सर्वांत जुने निष्क्रिय खाते’ ठरून बंद होऊ शकते. −१ असलेल्या खात्यांसाठी खाते उघडल्याची तारीख वेगळी तपासणे हाच त्यावरचा उपाय. खाते थेट काढण्याऐवजी आधी निष्क्रिय करावे हेही इष्ट. निष्क्रिय खात्याचा आशय जागच्या जागी राहतो आणि चूक लक्षात आल्यावर ते पुन्हा चालू करता येते.

बॅकअपचे स्वरूप : मंच चालवणारी कंपनी स्वतःच्या सर्व्हरच्या बिघाडासाठी तजवीज ठेवते. सदस्याने चुकून पुसलेल्या किंवा चुकीच्या फाइलने झाकून टाकलेल्या माहितीसाठी ती तजवीज उपयोगी पडत नाही. अलीकडे रीसायकल बिनची सोय झाली असून पुसलेला आयटम तिथे १४ दिवस राहतो. परंतु ती सोय आयटमांपुरती आहे. लेयरमधल्या चारशे नोंदी कोणी पुसल्या तर आयटम जिवंतच असतो आणि बिनमध्ये काहीच जात नाही. स्वतंत्र बॅकअपची खरी गरज इथे आहे.

आयटमचे ढोबळमानाने दोन भाग असतात : वर्णन आणि माहिती. शीर्षक, टॅग, कोणत्या गटांना दाखवायचे, लघुचित्र, मेटाडेटा हे सारे वर्णनात येते. वेब मॅपची ‘माहिती’ म्हणजे एक छोटी जेसन (साध्या मजकुरातली रचनाबद्ध) फाइल. तीत लेयरचे पत्ते, रंगसंगती, पॉपअप यांची व्यवस्था लिहिलेली असते. ती ‘गेट_डेटा’ने सहज उतरते. होस्टेड फीचर लेयरचे (मंचावरच साठवलेल्या नोंदींच्या लेयरचे) तसे नाही. तिची माहिती मंचाच्या डेटाबेसमध्ये असते, म्हणून आधी एक्स्पोर्ट करावे लागते. एक्स्पोर्ट केले की संस्थेतच एक नवा आयटम तयार होतो; तो उतरवून घ्यायचा आणि मग पुसायचा. हे पुसणे विसरले तर बॅकअपच्या प्रतींनीच संस्थेची जागा भरत जाते.

एक्स्पोर्टचा फॉरमॅट काळजीने निवडावा. फाइल जिओडेटाबेस या एस्रीच्या फॉरमॅटमध्ये जोडलेली छायाचित्रे आणि लेयरमधील संबंध टिकतात. शेपफाइल (नकाशा-माहितीचा जुना फॉरमॅट) सर्वांना परिचित असली तरी बॅकअपसाठी ती अपुरी आहे : छायाचित्रे गळतात, रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात, तारखेतली वेळ जाते आणि रिकाम्या मूल्यांची नोंद नीट राहत नाही. मराठी माहितीला ती आणखी जाचक ठरते. शेपफाइलच्या मजकूर-रकान्याची मर्यादा २५४ बाइट. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सारी चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. म्हणजे एका रकान्यात जेमतेम ८४ चिन्हे बसतात. गावाचा पूर्ण पत्ता किंवा पाहणीतला शेरा मधेच तुटतो. रकान्यांना मराठीत दिलेली उपनावेही शेपफाइलमध्ये येत नाहीत. ‘तालुक्याचे नाव’ असे दिसणारा रकाना परत आणल्यावर एखाद्या त्रोटक रोमन नावाने उघडतो.

व्ह्यू लेयर हे वेगळेच प्रकरण. तिच्याकडे स्वतःची माहिती नसते. मूळ लेयरमधले कोणते रकाने व कोणत्या नोंदी दाखवायच्या एवढेच ती जाणते. तिचे एक्स्पोर्ट केल्यास माहितीची दुसरी प्रत हाती येते, पण तिची व्याख्या हाती येत नाही. व्याख्या स्वतंत्रपणे जेसनमध्ये जपावी लागते.

शोधाच्या मर्यादा : बॅकअप अपुरा राहण्याचे सर्वांत सामान्य कारण फार साधे आहे. पायथन एपीआयमधील आशय-शोधाची आज्ञा संख्या न दिल्यास पहिले दहाच आयटम परत करते. त्रुटीचा संदेश येत नाही, स्क्रिप्ट सुरळीत संपते आणि फोल्डरमध्ये दहा फायली दिसतात. संख्या वाढवून दिली तरी मुळातल्या रेस्ट इंटरफेसमध्ये एका विनंतीला जास्तीत जास्त १०० निकाल आणि एका शोधाला १०,००० ची कमाल मर्यादा आहे. मोठ्या संस्थेत सबंध आशय एका शोधाने मागवण्यापेक्षा सदस्यांची यादी घेऊन प्रत्येकाच्या खात्यातला एकेक फोल्डर चाळणे अधिक भरवशाचे. नुकताच तयार झालेला आयटम शोध-सूचीत यायला थोडा वेळ लागतो, ही अडचणही त्यामुळे टळते.

आयडीचा प्रश्न : प्रत्येक आयटमला मंच ३२ चिन्हांचा आयडी देतो, त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही रोमन अक्षरे असतात. वेब मॅप आपल्या लेयरना या आयडीने आणि सेवेच्या पत्त्याने ओळखतो, अ‍ॅप वेब मॅपला आयडीने ओळखते, डॅशबोर्डचेही तसेच. ही एक साखळी आहे. बॅकअपमधून लेयर पुन्हा प्रकाशित केली की तिला नवा आयडी आणि नवा पत्ता मिळतो. माहिती शंभर टक्के परत येते आणि तरीही तिच्यावर आधारलेला एकही नकाशा उघडत नाही. बॅकअप घेणाऱ्याने या मुद्द्याचा विचार प्रती काढताना करायला हवा, परत आणताना नव्हे. दुर्दैवाने पुष्कळ स्क्रिप्ट प्रती उतरवून थांबतात.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, मूळ आयटम जिवंत असेल तर नवा प्रकाशित न करता त्याच लेयरमधल्या नोंदी काढून त्यात बॅकअपमधल्या नोंदी ओतणे. पायथन एपीआयमध्ये ‘ट्रंकेट’ व ‘अपेंड’ या आज्ञांनी हे होते. आयडी टिकतो, मात्र सिंक (ऑफलाइन प्रतींशी मेळ राखण्याची सोय) चालू असलेल्या लेयरवर ट्रंकेट चालत नाही आणि नोंदींचे ऑब्जेक्ट-आयडी (प्रत्येक नोंदीचा क्रमांक) नव्याने पडतात. दुसरा मार्ग ‘क्लोन_आयटेम्स’चा. ही आज्ञा अ‍ॅपपासून खाली लेयरपर्यंतची साखळी स्वतः शोधते, दुसऱ्या संस्थेत किंवा त्याच संस्थेत सर्वांच्या प्रती बनवते आणि जुन्या-नव्या आयडींचा मेळ घालून आतले संदर्भ बदलते. तिसरा, साखळीचा तक्ता आपणच आधी तयार ठेवणे. कोणता आयटम कोणावर अवलंबून आहे हे नोंदवणारा ‘आयटमग्राफ’ हा विभाग एपीआयच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आला आहे.

दुसऱ्या मार्गाकडे कल अधिक दिसतो. राखीव म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या संस्थेत तयार, चालते नकाशे हाती राहतात हा त्याचा मोठा गुण. परंतु आयटम शिल्लक असेल तिथे पहिला मार्गच श्रेयस्कर मानावा, कारण क्लोनची दुरुस्ती मंचाच्या आतपुरती असते. ग्रामपंचायतीच्या फलकावर छापलेला क्यूआर कोड, दुसऱ्या संकेतस्थळात बसवलेला नकाशा, कोणाला पाठवलेला दुवा या ठिकाणी जुनाच आयडी राहतो आणि तो कोणतीही स्क्रिप्ट बदलू शकत नाही. आर्कजीआयएस एंटरप्राइझ ही स्वतःच्या सर्व्हरवर बसवायची प्रणाली या बाबतीत उजवी आहे. तिच्या १०.८.१ पासूनच्या आवृत्त्यांत नवा आयटम घालताना आयडी आपण सांगू शकतो. शिवाय ‘वेबजीआयएसडीआर’ या साधनाने पोर्टल, सर्व्हर व डेटा स्टोअर यांचा एकत्रित बॅकअप घेता येतो. आर्कजीआयएस ऑनलाइनला या दोन्ही सोयी नाहीत.

खर्च व सुरक्षा : फीचर-साठवणुकीला दर १० एमबीमागे महिन्याला २.४ क्रेडिट (मंचावरचा खर्च मोजण्याचे एकक) पडतात, तर साध्या फायलींना दर जीबीमागे १.२. म्हणजे तीच एक जीबी माहिती लेयर म्हणून ठेवल्यास सुमारे दोनशेपट महाग पडते. संपलेल्या प्रकल्पांच्या लेयर एक्स्पोर्ट करून फाइल म्हणून ठेवण्यामागे बऱ्याचदा हा हिशेब असतो.

स्क्रिप्ट विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर, लिनक्सच्या क्रॉनवर किंवा आर्कजीआयएस नोटबुक्स या मंचाच्याच सोयीत वेळ लावून चालवतात. नोटबुकच्या साठ्यातच प्रत ठेवली तर ती त्याच संस्थेत राहते, आणि ज्या संकटासाठी बॅकअप घ्यायचा त्याच संकटात तीही जाते. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडा लिहू नये. एपीआयच्या ‘प्रोफाइल’ सोयीने तो संगणकाच्या पासवर्ड-साठ्यात राहतो. दुहेरी ओळख-पडताळणी लावलेले खाते नुसत्या नाव-पासवर्डाने स्क्रिप्टमधून चालत नाही, तिथे ओऑथ ही पासवर्डऐवजी परवानगी-टोकन देणारी पद्धत वापरावी लागते.

भारतीय संस्थांना प्रत कुठे ठेवायची याचाही विचार करावा लागतो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेत १ मीटर व उभ्या दिशेत ३ मीटर या मर्यादेपेक्षा सूक्ष्म अचूकतेची माहिती भारतातच साठवायची आहे. हा नियम मूळ माहितीइतकाच तिच्या प्रतीलाही लागू होतो असे समजून चालणे शहाणपणाचे. सदस्यांची नावे व ईमेल असलेली यादी ही वैयक्तिक माहिती असल्याने २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचा संबंध येतो.

इतर मंच : जिओनोड या मुक्तस्रोत मंचात ‘बॅकअप’ व ‘रीस्टोअर’ या आज्ञा अंगभूतच आहेत. गुगल अर्थ इंजिनमध्ये आज्ञा-ओळीवरून साठ्याची यादी काढता येते, प्रती करता येतात आणि वाचण्या-लिहिण्याचे अधिकार बदलता येतात. ओपनस्ट्रीटमॅपची सबंध माहिती दर आठवड्याला ‘प्लॅनेट’ फाइलच्या रूपाने प्रसिद्ध होते, त्यामुळे तिथे बॅकअपचा प्रश्न वेगळ्याच पातळीवर सुटलेला आहे. खुद्द मंचच बंद पडण्याची उदाहरणेही आहेत : गुगल मॅप्स इंजिन जानेवारी २०१६ मध्ये आणि गुगल फ्युजन टेबल्स ३ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाले. दोन्ही वेळी आगाऊ सूचना दिली गेली होती. ठरलेल्या तारखेपर्यंत वापरकर्त्यांना आपली माहिती उतरवून घेता आली, परंतु त्यांच्या आधारे रचलेले नकाशे दुसरीकडे नव्याने बांधावे लागले.